दासगावच्या तिवरावरची बुरशी

शुभदा गांगल महाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी खाडीचा चिखल तुडवायच्या. दासगावच्या खाली सावित्री नदीच्या काठाला तिवरांच्या झाडांची दाटी होती. ओहोटीला मुरारी नावाड्याच्या होडीतून तिथं उतरायचं, कुजत पडलेल्या फांद्या उचलायच्या, घरी ओलसर डब्यात ठेवायच्या आणि बुरशी धरायची वाट बघायची. त्यांचे यजमान रघुवीर म्हणायचे, "लोक बुरशी आली की डबा घासतात. आमच्याकडे आनंद होतो."

शहाण्णवच्या थंडीत एका फांदीवर मोहरीहून बारीक काळे ठिपके आले. त्यांतला एक फोडून शुभदाताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्या मान वर करायचं विसरल्या. आतले बीजाणू तपकिरी, मधोमध कंबर आवळल्यासारखे. दोन्ही टोकांच्या टोप्या पाण्यात उलगडून लांब धागे होत होते. अशी जात त्यांच्याजवळच्या एकाही पुस्तकात नव्हती.

दुसऱ्या कुणी लगेच पुणं गाठलं असतं. शुभदाताई घाबरल्या. तालुक्याच्या गावातल्या बाईनं नवी जात सापडली म्हणायचं आणि ती जुनीच निघाली तर? म्हणून त्यांनी आणखी एक ठिपका फोडला. मग आणखी एक. दर वेळी चित्र काढलं, मापं घेतली. खात्री पटली तोवर वर्ष उलटलं होतं आणि फांदीवर ठिपका उरला नव्हता. उरली होती सूक्ष्मदर्शकाखालची एक काचपट्टी.

पुण्याचे प्राध्यापक म्हणाले, "जात नवीच वाटते, बाई. पण नाव द्यायचं तर मूळ नमुना जपून ठेवावा लागतो. ही पट्टी तर बुडबुडे धरलेली. ती बुरशी धरलेलं लाकूड आणा."

त्या रविवारी वर्षभरानं होडी तिथं थांबली तेव्हा मुरारी वाट चुकला असंच त्यांना वाटलं. काठ उघडा पडला होता.

"तिवरं कुठं गेली रे?"

"तोडली, म्याडम. आता हितं रेतीच्या होड्या लागतात."

"मला सांगायचं नाहीस?"

मुरारी ओशाळला. "तुमी कुजकी फाटी न्यायच्या. उभ्या झाडांचं तुमाला काय, असं वाटलं मला."

पुढची कितीतरी वर्षं त्यांनी खाडीचे दोन्ही काठ पालथे घातले. बुरश्या मिळाल्या, सगळ्या आधीच नाव असलेल्या. एकदा घाईघाईनं डबा उघडून त्या आनंदानं ओरडल्यासुद्धा. भिंगाखाली ती नेहमीचीच निघाली.

एका दुपारी त्यांनी ती जुनी काचपट्टी काढून पाहिली. द्रव आटला होता. बीजाणू चुरगळले होते, धाग्यांचा मागमूस नव्हता.

"अजून एकदा जाऊन ये," रघुवीर म्हणाले.

"नको. तोडणाऱ्यांनी झाडं तोडली, खरंय. पण अहो, माझ्या हातात होती ना ती! मीच फोडून फोडून संपवली."

शुभदाताईंनी पट्टी नळाखाली धरली, धुतली आणि विद्यार्थ्यांसाठीच्या कोऱ्या पट्ट्यांत ठेवून दिली.