शेक न लागलेली जागा

आई उदगीरहून माझ्याकडे लातूरला आली ती शेक घ्यायला. छातीतली गाठ काढून झाली होती, आता रोज दवाखान्यात जाऊन किरण घ्यायचे होते. पहिल्याच दिवशी अडलं. गळ्यातली चांदीची डबी काढा, म्हणाले. त्या डबीत लिंग. आम्हा लिंगायतांत ते कायम अंगावर असतं. ते अंगावेगळं झालं की माणूस जिता असून मेल्यासारखा. आईनं तर ऑपरेशनलाही ते मनगटाला बांधून घेतलं होतं. शेवटी डबी दुसऱ्या बाजूच्या दंडाला बांधायचं ठरलं.

मला गप्प बसवत नाही. डॉक्टरांना विचारलं, शेक छातीवर आखलेल्या खुणेच्या आतच पडतो ना? हो म्हणाले, आणि मग हौसेनं भलतंच सांगत बसले. किरण लागलेली पेशी शेजारणींना कसले कसले निरोप धाडते आणि ज्यांना किरण शिवलासुद्धा नाही अशा पेशीही बिघडतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. मी हबकलेच. करून गेला गाव आणि आमचं नाव, हे माणसांत ठीक, पेशींतसुद्धा? तुम्ही याची काळजी करू नका, असंही ते म्हणाले. आई शेजारीच बसली होती. दंडावरची डबी चाचपत होती.

त्यानंतर ती झपाट्यानं वाळत गेली. ताट घेऊन मागच्या दारी बसायची, मोकळं करून आणायची, तरी अंगाला काही लागेना. वजन असंच उतरलं तर शेक थांबवावा लागेल, म्हणाले डॉक्टर. शेकाचाच त्रास असेल, असं आम्ही धरून चाललो.

एका सकाळी देवघर पुसताना खणात आईची डबी दिसली, वर धूळ साचलेली. लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आई तोंडात घास घालत नाही. मग इतके दिवस जेवत कोण होतं? मागच्या दारचं कुत्रं चांगलंच गुबगुबीत झालं होतं.

"का काढलंस गं हे?"

"शेजाऱ्याला लागतं म्हनले की डाक्टर. ह्याच्याइतका जवळचा शेजारी कोन हाय मला?"

देवाला किरण लागू नयेत म्हणून ही बाई इतके दिवस गोळी गिळण्यापुरत्या दुधावर जगत होती. संताप आला, रडूही आलं. निरोप पेशी-पेशींतला, तो कातडीबाहेर येत नाही, हे सांगून पाहिलं. ती नुसती मान हलवत राहिली. मग मी माझ्या गळ्यातली डबी वर काढली, तिच्या दंडाला टेकवली आणि तिला धरून बसले.

"माझ्याबी देवाला लागलं आता. मीबी काढून ठिवू का?"

तिनं मला ढकललं, पण हातात जोरच नव्हता. मग हात धुवायला पाणी मागितलं. लिंग तिचं तिनंच उचललं, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नसतो. पूजा लांबली. नंतर माझ्यासमोर बसून तिनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

मागच्या दारी कुत्रं ताटाची वाट बघत बसलं होतं.