लुव्हिनियाचा निळा कप

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या सवाना शहरावर एक पुस्तक निघालं आणि त्यात अर्नेस्टीन मंगिन दुष्ट ठरली. लेखक उत्तरेकडचा. आपण लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं, असं त्यानं मुखपृष्ठावरच छापून टाकलं होतं. जुनी घरं, जुनी घराणी, कुणाची पापं, कुणाची पुण्यं. पुण्य तेवढं नेमकं मोठ्या अंगणांच्या घरांतच सापडलं, हा योगायोगच म्हणायचा.

अशाच एका घरात, टॅलमॅज बाईंकडे, अर्नेस्टीन एकतीस वर्षं स्वयंपाक करत होती. लेखकमहाशय तिथेच पंधरा दिवस उतरले. तिच्या हातचे भरलेले खेकडे आणि लाल भात त्यांनी बोटं चाटून खाल्ला. तिला मात्र एका शब्दानं काही विचारलं नाही. तिची गोष्ट त्यांनी व्हरांड्यात बसून टॅलमॅज बाईंच्या तोंडून ऐकली: धाकटी बहीण लुव्हिनिया वारली, तेव्हा हिनं तिचा आवडता निळा कप तिच्याच थडग्यावर आपटून फोडला. बहीण मेली तरी हिचा हेवा मेला नाही, असं लिहून ते मोकळे झाले.

अहो, आमच्या काळ्या लोकांतल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की गेलेल्या माणसानं शेवटची वापरलेली कपबशी थडग्यावर ठेवतात, आणि ती फोडूनच ठेवतात. पण विचारायला तोंड रिकामं लागतं. यांचं खेकड्यात गुंतलेलं.

चर्चमधल्या बायकांनी ते पान हसण्यावारी नेलं. "ए दुष्टबाई, भात वाढ जरा," म्हणून चिडवायच्या. अर्नेस्टीनही हसायची. पण डेट्रॉइटला इव्हेट होती, लुव्हिनियाची मुलगी. आई गेली तेव्हा दीड वर्षाची. बापानं तिला उत्तरेत नेलं, तिथेच ती वाढली. आमच्या रीतीभाती तिला सांगणार कोण? दर रविवारी तिचा मावशीला फोन यायचा. पुस्तक वाचलं आणि फोन बंद झाला. नाताळात पाठवलेल्या तिळाच्या वड्यांचं पार्सल जसंच्या तसं परत आलं. त्या दिवशी अर्नेस्टीन जेवली नाही.

तिनं लेखकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, अगदी गोड: ते पान वाचकांना फार आवडलंय, गोष्टीत कुणीतरी वाईट लागतंच, राग मानू नये. राग मानू नये म्हणे! तिनं टॅलमॅज बाईंचा एप्रन खुंटीला अडकवला, तो पुन्हा अंगाला लावला नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही थडगी साफ करतो. अर्नेस्टीन बहिणीपाशी बसून तण उपटत होती, तेव्हा इव्हेट तिच्यापुढे येऊन उभी राहिली. एकदा तोंडावर विचारावं, म्हणून आली होती.

"मावशी, माझ्या आईचा कप का फोडलास?"

"भांडं शाबूत राहिलं की गेलेलं माणूस घरातल्या दुसऱ्याला हाक मारतं. म्हणून फोडायचं."

"दुसऱ्या कुणाला?"

अर्नेस्टीनचा हात थांबला. "तुला, बाई. तिचाच ताप तुझ्या अंगात होता. डॉक्टरनं हात टेकले होते. माझ्या पहिल्या पगारातून आणलेला कप होता तो. मला काय फोडायची हौस होती?"

इव्हेट तिच्या शेजारी बसली आणि तीही तण उपटू लागली.

तेवढ्यात कुंपणापलीकडे पर्यटकांचा घोळका आला. पुढचा गाइड हातातल्या पुस्तकातलं तेच पान मोठ्यानं वाचू लागला. हेव्याचा शब्द आला, तशी इव्हेट उठली आणि कुंपणापर्यंत गेली. हे सगळं खोटं आहे, असं तिनं सांगितलं. गाइड गोंधळला. पुस्तकात तर असंच लिहिलंय, मॅडम, असं पुटपुटला.

"लिहिलं असेल," इव्हेट म्हणाली. "पण ताप मला आला होता."