मागून बहिरी अँटेना

टेलिफोनच्या खांबांवर तीस वर्षं चढलेला माणूस निवृत्तीनंतर गप्प बसेल, अशी भाबडी आशा फक्त त्याच्या बायकोला होती. लाइनमनने महिन्याभरात गच्चीचा कारखाना केला. कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

त्याआधी गच्चीवर त्याच्या हौशी रेडिओची एक साधी तार होती, अँटेना म्हणून ताणलेली. त्या तारेवर अठरा वर्षं, रोज संध्याकाळी सहाला, तारमास्तर यायचे. तारखात्यातून निवृत्त झालेले, डोंगरापलीकडच्या गावात मुलीकडे राहणारे. कट्ट-कडकट्टची मोर्सची भाषा त्यांनीच लाइनमनला शिकवलेली. ठरलेलं असं होतं, की हाक मास्तरांनी मारायची आणि ओ लाइनमनने द्यायची. उलटं कधीच झालं नाही.

नव्या अँटेनाचा बेत त्याने मास्तरांना कळवला. खोलीहून लांब अशा ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या, सगळ्यांत लांब नळी मागे. समोरचं दहापट ऐकायचं आणि मागचं सगळं अडवायचं, हे त्या मागच्या नळीचं काम. समुद्रातल्या एका बेटावरचा रेडिओवाला आजवर गावात कुणाला सापडला नव्हता, तो त्याला हवा होता.

मास्तरांनी उत्तर ठोकलं, "एकाच बाजूचं ऐकशील तर बाकीच्यांना मुकशील."

"जळतोय म्हातारा," लाइनमन बायकोला म्हणाला.

त्याने वहीभर गणितं केली, नळ्या करवतीने नखभर-नखभर कापल्या, जुनी तार काढून तिचं तांबं नव्या जोडणीत घातलं. होकायंत्राने तोंड बेटाकडे लावलं. वाऱ्याने तसूभरही हलू नये म्हणून खांब वेल्डिंग करून टाकला. चौथ्या दिवशी बेट बोललं. बोलणं झाल्याची पावती म्हणून तिकडून टपालाने आलेलं कार्ड त्याने चौकटीत बसवून भिंतीवर लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून वात आणला.

मास्तर मात्र सहाला येईनात.

"अहो, एक फोन करा ना," बायको म्हणाली.

"मी का करू? रुसायचं त्यांनी आणि रुसवा काढायचा मी? हाक त्यांनी मारायची असते."

तरी सहाला तो कानाला हेडफोन लावून बसायचा. पंधरा मिनिटं. मग चडफडत बेटाकडे वळायचा. असे सात महिने गेले.

एका दुपारी मास्तरांची मुलगी आली. पाण्याचा पेला तिने बाजूला सारला.

"बाबा गेले, मंगळवारी. तुमची ही नवी अँटेना चढली त्याच आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली, बोटं तेवढी चालायची. मी म्हणायचे फोन लावून देते, तर नको म्हणून मान हलवायचे. बोलता न येणाऱ्याने फोनवर काय करायचं? रोज सहाला यंत्रापुढे बसवा, असं खुणेने सांगायचे." तिने पिशवीतून वही काढून टेबलावर टाकली. "सात महिन्यांत एकदा उत्तर द्यायला तुम्हाला काय झालं होतं, काका?"

लाइनमनने वही उघडली. तारीख, सहा वाजता हाक, उत्तर नाही. पानामागून पान तेच, अक्षर हळूहळू वाकडं होत गेलेलं. एकाच ओळीत जास्तीचे शब्द होते, तिसऱ्या महिन्यातले: 'त्याच्या अँटेनाची पाठ आमच्याकडे असणार. फिरवेल कधीतरी.'

मास्तरांना घरबसल्या कळलं होतं. ज्याने ती मागची नळी स्वतःच्या हाताने कापून चढवली, त्या गाढवाला कळलं नव्हतं. मुलगी कधी उठून गेली तेही त्याला कळलं नाही.

तो करवत घेऊन गच्चीवर गेला. वेल्डिंग त्याचंच होतं, पक्कं. कापायला दीड तास लागला, तळहात सोलवटले. अँटेनाचं तोंड त्याने डोंगराकडे फिरवलं, खाली आला आणि सहाच्या ठोक्याला हेडफोन चढवला. नुसती खरखर. मग अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने आपणहून हाक मारली. पुन्हा मारली. पंधरा मिनिटं मारत राहिला.

त्यानंतर त्याने मास्तरांची वही ओढली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: आजची तारीख, सहा वाजता हाक, उत्तर नाही.