मास्तरांची तोंडी परीक्षा

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना समुपदेशन म्हणजे काय, ते कुणी धड सांगितलंच नव्हतं. मालक एवढंच म्हणाले होते, "सोमवारपर्यंत समुपदेशकाकडून तुम्ही ठणठणीत आहात असा कागद आणा, नाहीतर ऑफिसात बसून फॉर्म भरा." एकवीस वर्षं शिकाऊंच्या शेजारी बसलेला माणूस फॉर्म भरणार? मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण काय, तर ब्रेक. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, वेळप्रसंगी दाबायला. गेले दोन महिने मास्तर तो उठसूट दाबत होते. रस्ता मोकळा असला तरी, समोरून साधा कागद उडाला तरी. शेवटी एक काकू वैतागल्या, "अहो मास्तर, गाडी मी चालवतेय की तुम्ही?" आणि त्यांनी थेट मालकांकडे तक्रार नेली.

मग मास्तरांनी काय करावं? परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकाऊंकडून उत्तरं घोकून घेत, तशी स्वतःची घोकली. झोप? छान. भूक? उत्तम. राग? छे, छे! घरी? बायको, मुलगी, सगळं झकास.

"अहो, तिथे खरं बोलायचं असतं," बायको म्हणाली.

"तोंडी परीक्षेत कुणी खरं बोलतं का?" म्हणत मास्तर गुळगुळीत दाढी करून निघाले.

खोलीत ना पलंग, ना पांढरा कोट. दोन खुर्च्या, घड्याळ, कागदी रुमालांचा डबा. समुपदेशक बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, पन्नास मिनिटं आहेत, इथलं बोलणं शक्यतो इथेच राहील, आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ. हे शेवटचं मास्तरांना अजिबात रुचलं नाही. उत्तर न देता पास कसं व्हायचं?

वीस मिनिटांत त्यांनी पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. बाई ऐकत होत्या, वहीत मात्र काही लिहीत नव्हत्या. मास्तरांची चुळबुळ सुरू झाली. घड्याळ पाहिलं, चष्मा पुसला, उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली.

"आता कागद देता ना?"

"एका भेटीत नाही देता येणार," बाई म्हणाल्या. "पण शिकवणारा माणूस तुम्ही माझ्यापेक्षा चांगला ओळखता. मुलगी आहे म्हणालात ना? सध्या तुम्ही आहात तशा मास्तरांकडे तिला पाठवाल?"

हे घोकलेलं नव्हतं.

"दोन महिन्यांपूर्वी एक म्हातारा होता," ते एकदम म्हणाले. "पिशवी घेऊन मध्ये आला. शिकाऊ पोरगी घाबरली, आणि मी भलतीकडेच बघत होतो. चार बोटांचं अंतर राहिलं, बाई! खरचटलंसुद्धा नाही हो त्याला. शिव्या देऊन गेला निघून. मग मलाच का..." इतक्या वर्षांच्या मास्तराला रस्त्याची भीती वाटते, हे सांगायचं कुणाला? मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते ओक्साबोक्शी रडले, आणि रडता रडता स्वतःवरच चिडत राहिले.

बाईंनी उपदेश केला नाही, घाईही केली नाही. वेळ संपल्यावर म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी यावर बोलू."

जिन्यातच मास्तरांनी मालकांना फोन लावला. बरंबिरं काही वाटत नव्हतं, उलट खपली निघाल्यासारखं झालं होतं.

"मिळाला का कागद?" मालकांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "आणि सध्या माझ्या शेजारी कुणाला बसवू नका."