आत्याचा श्रावणातला भाव

जगात काहीही घडलं तरी अंड्याच्या भावाचं पुढं काय होणार, हे माझ्या आत्याइतक्या खात्रीनं सांगणारं माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नसेल. आणि तिच्याइतक्या वेळा चुकलेलंही नसेल. उमापूरच्या शिवारात तिचं कोंबड्यांचं शेड आहे. रोजचा दर आता सगळ्यांच्या मोबाइलवर येतो, पण आत्याच्या लेखी तो शिळा. तिला पुढच्या महिन्याचा ठाऊक असतो. थंडी पडली की लोक शाली काढतात, आत्या म्हणते, "वाढला बघ!" गल्लीतल्या एखाद्या पोरानं तालीम सुरू केली की तिचा चेहरा उजळतो. माझी सोयरीक ठरत होती तेव्हा हिनं मुलीचं शिक्षण, स्वभाव काहीच न विचारता सासऱ्यांना एवढंच विचारलं, "तुमच्यात खात्यात का?" सासरे गोंधळले. "अंडी वो," आत्या म्हणाली, "दुसरं काय!" ते नाही म्हणाल्यावर तिचा त्या स्थळातला रसच संपला. उपासांवर तर तिचा फार राग. "आठवड्यात सात वार, त्यातले चार उपासाचे! देवाला काय कमी हाय का?" असं ती तावातावानं म्हणते, आणि तेव्हा तिच्या हातात स्वतःच्या सोमवारची साबुदाण्याची ताटली असते.

मध्ये एका वर्षी शेजारच्या कौसाबाईनं आत्याचं बघून पत्र्याच्या छोट्या शेडात कोंबड्या आणल्या. तिचा नवरा मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, घर चालायचं ते या कोंबड्यांवर. श्रावण जवळ आला. श्रावणात अंड्याला गिऱ्हाईक नसतं आणि कोंबड्यांचं खाणं काही थांबत नाही, म्हणून तिनं सगळ्या विकून टाकायचं ठरवलं. आत्या तिच्या दारात जाऊन उभी राहिली. "कावून विकतीस? उन्हाळ्यात समद्यांचे किती पक्षी मेले! माल कमी हाय. औंदा श्रावणात भाव पडत न्हाई, मी सांगते." कौसाबाईनं ऐकलं. श्रावण लागला आणि भाव असा काही कोसळला, की टेम्पोवाला व्यापारी शेडापुढून हॉर्नसुद्धा न वाजवता जाऊ लागला.

दुसरं कुणी असतं तर बाजाराला चार शिव्या घालून मोकळं झालं असतं. आत्या पुन्हा कौसाबाईच्या दारात गेली. "मी म्हणलं व्हतं त्याच, श्रावणाआधीच्या भावानं समदी अंडी मला दे."

"आवो आत्याबाई, पण बाजारात तर..."

"बाजाराला काय कळतंय?"

महिनाभर आत्याच्या ओसरीवर ट्रेची चळत वाढत राहिली. स्वतःची अंडी खपत नव्हती, त्यात ही. मग तिला नातेवाईक आठवले. माजलगावच्या काकांकडे, परळीच्या मावशीकडे आणि बीडला आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरबरोबर अंडी येऊ लागली. माझ्या बायकोनं ट्रे दारातच अडवले. मी फोन केला, "आत्या, अगं श्रावण चाललाय आमच्याकडं." "मग? सुनबाईला म्हन तिकडं तोंड करून बस. तू खा." शेवटी ती अंडी जवळच्या वसतिगृहातल्या पोरांनी फस्त केली. दिवाळीनंतर थंडी पडली, भाव चढला, तेव्हा कौसाबाईच्या सगळ्या कोंबड्या शेडात शाबूत होत्या. आत्या भेटेल त्याला सांगत सुटली, "मी म्हणलं व्हतं का न्हाई? भाव आला. जरा उशिरा आला, येवढंच."

परवा उमापूरला गेलो होतो. शेड रिकामं होतं. जुने पक्षी विकले होते, नवे आणायचे की नाही ते ठरत नव्हतं. खाद्याचं पोतं ओढायला आता तिचे गुडघे साथ देत नाहीत, आणि मुलं म्हणतात, पुरे झालं. आत्या शेडाच्या दारात बसली होती. आत इतकी शांतता, की माझाही आवाज आपोआप खाली आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, यंदा थंडी लवकर पडेलसं दिसतं. आत्यानं विचारलं, "तुला काय वाटतं रं? वाढंल का भाव?"

उभ्या जन्मात तिनं हा प्रश्न कुणाला केला नसेल. मला ना खाद्यातल्या मक्याचा दर माहीत, ना अंड्याचा. मी तिच्याच ठसक्यात म्हणालो, "वाढणार. लई वाढणार."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला यातलं काही कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"व्हय ना?" ती म्हणाली. "मग हात दे."

माझा हात धरून ती उठली, आत गेली, आणि पालथी घातलेली कोंबड्यांची पाण्याची भांडी एकेक करून सुलटी करू लागली.