बैलाची सुट्टी

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आंधळगावच्या बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसली. मांडीवर सातेक वर्षांची लेक आणि लेकीच्या कुशीत चाकांचा लाकडी बैल. बाईच्या गळ्यात शिंप्यासारखी मापपट्टी लोंबत होती.

"शाळेत नाही घातलं हिले, घरीच शिकवते," ती आपणहून म्हणाली. "हिले बैलाचं भारी वेड. म्हणून गणितही बैलाचंच अन् गोष्टही नंदीचीच." तिनं लेकीपुढे पट्टी धरली. "हं, शिंगं मोज बरं."

लेकीनं बैल पोटाशी ओढला. "सणाच्या दिवशी बैलाले काम नाही सांगत, माय. पाप लागते!"

आखलेला धडा मोडला तरी बाई खुशीत हसली. पट्टी गुंडाळत म्हणाली, "मंग मलेही सुट्टी दे ना!"

"तुले काहून? तू काय बैल आहेस?"

"पहाटेपासून जुंपलीच तर आहे मी!"

पोर विचारात पडली. मग बैलाच्या कपाळावरचं ओलं कुंकू बोटावर घेऊन तिनं आईला टिळा लावला. माझ्या डब्याच्या पिशवीकडे पाहून बोटावर उरलेलं कुंकू माझ्याही कपाळाला टेकवलं.

टिळा न पुसताच मी कामावर गेलो. साहेबांनी काही काम सांगितलं, की दिवसभर मनात म्हणत राहिलो, "पाप लागते, साहेब!"