आधी पोटाला विचार

जळगावहून नोकरीसाठी मी रोज एरंडोलला जायचो. तिथे बस स्टँडबाहेर ताक विकणारी एक बाई बसायची. कपाळावर फडकं घट्ट बांधलेलं. उन्हासाठी असेल, असं मी धरून चाललो होतो.

एकदा अर्धशिशीने माझं अर्धं डोकं ठणकत होतं. डोळे मिटून तिच्या बाकावर टेकलो, तर ती डोक्याबद्दल बोललीच नाही. चार माणसांत मोठ्याने म्हणाली, "भाऊ, पोट साफ व्हयनं का? रातले काय खादं?"

मी चिडलोच. पुढे लक्षात आलं, डोकं धरून आलेल्या प्रत्येकाला ती हेच विचारायची आणि उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय ताक ओतायची नाही.

महिन्याभराने जळगावच्या डॉक्टरांनीही मला तेच विचारलं. म्हणाले, पोटातल्या जिवाणूंचा अर्धशिशीशी संबंध असावा, पण नक्की अजून कुणालाच सांगता येत नाही. मी दुसऱ्याच दिवशी हे तिला सांगितलं. ताकाच्या विरजणातही जिवंत जिवाणू असतात म्हटलं, तर हसली. "इरजन जित्तंच ऱ्हास, भाऊ. मन्ही मायनं दिन्हेल शे."

"मग अक्का, तुमचं डोकं कधी दुखतच नसेल!"

तिचा हात कपाळावरच्या फडक्याकडे गेला. तिने गाठ आणखी आवळली.

"रोज दुखस. म्हनीसन तं मी बठ्ठा लोकेसले इचारस. कोनले तरी म्हाईत व्हई."